सुपरहिरोंच्या कार्टून मालिका : वाहिन्यांची चढाओढ आणि घरातली भाऊबंदकी

चित्रचौकट (धागाकर्ता)

गेले काही महिने मी अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या सुपरहिरोंच्या जुन्या कार्टून मालिका काळाच्या क्रमाने पाहत आहे. पाहताना एक गोष्ट वारंवार खटकली. ज्या पात्राने एखाद्या कथेत असायलाच हवे होते ते तिथे नसते, आणि त्याच्या गैरहजेरीचे कारण कथेत शोधूनही सापडत नाही. हे कारण बहुतेक वेळा वाहिन्यांमधल्या चढाओढीत आणि त्या चढाओढीतून झालेल्या करारांमध्ये असते, असे माझे मत बनले आहे. येथे ही कार्टून मनापासून पाहणारे बरेच सदस्य आहेत, म्हणून हा विषय सविस्तर मांडत आहे.

सुरुवात १९७८ पासून करतो. एबीसी वाहिनीवर हॅना-बार्बेरा या स्टुडिओची 'सुपर फ्रेंड्स' ही मालिका १९७३ पासून निरनिराळ्या रूपांत चालू होती. १९७८ च्या 'चॅलेंज ऑफ द सुपर फ्रेंड्स' या पर्वात नायकांच्या समोर 'लीजन ऑफ डूम' ही तेरा खलनायकांची टोळी उभी केली गेली. तिचा म्होरक्या लेक्स लूथर होता. सोबत ब्रेनिअ‍ॅक होता, सिनेस्ट्रो होता, ब्लॅक मँटा होता, आणि बॅटमॅनच्या वाट्याचे रिडलर व स्केअरक्रो हे दोघे होते. आता बॅटमॅनचे शत्रू गोळा करायचे आणि जोकरला बोलावायचे नाही, हे कोणत्या लेखकाला सुचेल? पेंग्विनही नाही. त्याचे कारण असे की त्याच सुमारास फिल्मेशन हा दुसरा स्टुडिओ सीबीएस या प्रतिस्पर्धी वाहिनीसाठी बॅटमॅनची वेगळी मालिका करत होता. ती फेब्रुवारी १९७७ मध्ये सुरू झाली होती, आणि जोकर व पेंग्विन तिच्याकडे अडकलेले होते. बॅटमॅन मात्र दोन्हीकडे होता! एका वाहिनीवर त्याला ओलन सोल यांचा आवाज होता, तर दुसऱ्या वाहिनीवर अ‍ॅडम वेस्ट यांचा, ज्यांनी साठच्या दशकातल्या मालिकेत प्रत्यक्ष बॅटमॅन साकारला होता. नायक सामायिक आणि खलनायक वाटून घेतलेले, अशी ती वाटणी होती.

दुसरे उदाहरण आपल्यापैकी अनेकांच्या पाहण्यातले आहे, कारण 'जस्टिस लीग', म्हणजे बॅटमॅनसह अनेक सुपरहिरोंच्या संघाची मालिका, भारतातही कार्टून नेटवर्कवर दिसत असे. मी ती मालिका शाळेत असताना पाहिली. पुढे 'जस्टिस लीग अनलिमिटेड' या नावाने तिचा विस्तार झाला, अनेक नवे नायक आले, आणि त्याच वेळी बॅटमॅनचे स्वतःचे जग मात्र तिच्यातून पुसले जाऊ लागले. बॅटमॅन बैठकीला येत असे, लढत असे आणि निघून जात असे, पण त्याचे शत्रू, त्याचा रॉबिन, त्याचे गॉथम शहर हे सगळे जणू हद्दपार झाले होते. तेव्हा मला वाटे की लेखकांना त्यांचा कंटाळा आला असावा. खरे कारण फार नंतर कळले. सप्टेंबर २००४ मध्ये किड्स डब्ल्यूबीवर, म्हणजे द डब्ल्यूबी या वाहिनीच्या मुलांच्या विभागात, 'द बॅटमॅन' ही स्वतंत्र मालिका सुरू झाली होती, २००५ मध्ये क्रिस्टोफर नोलन यांचा बॅटमॅनवरचा पहिला चित्रपट आला, आणि लहान प्रेक्षकांचा गोंधळ उडू नये म्हणून बॅटमॅनच्या परिवारातली बहुतेक पात्रे 'अनलिमिटेड'ला वापरू दिली गेली नाहीत. चाहत्यांनी या बंदीला 'बॅट-एम्बार्गो' असे नाव दिले. हा जाच 'द बॅटमॅन' या मालिकेलाही चुकला नाही, कारण स्केअरक्रो आणि टू-फेस हे चित्रपटांसाठी राखून ठेवल्यामुळे तिला मिळाले नाहीत.

येथे एक बाब नीट लक्षात घ्यावी लागते. १९७८ मध्ये एबीसी आणि सीबीएस हे एकमेकांचे उघड वैरी होते. २००४ मध्ये कार्टून नेटवर्क, किड्स डब्ल्यूबी, बॅटमॅन-सुपरमॅनची कॉमिक्स काढणारी डीसी कॉमिक्स आणि चित्रपट बनवणारा वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओ ही सगळी एकाच टाइम वॉर्नर समूहाची अपत्ये होती. म्हणजे दुसऱ्या खेपेला भांडण शेजाऱ्यांशी राहिलेले नव्हते, ती घरातली भाऊबंदकी होती. मला ही भाऊबंदकी जास्त घातक वाटते. परक्या वाहिनीशी चढाओढ असली की निदान आपली मालिका सरस व्हावी अशी इच्छा तरी असते, पण घरातल्या घरात वाटण्या झाल्या की प्रत्येक विभाग आपापला तुकडा कुंपणात ठेवतो आणि कथेचा विचार करायला कोणी उरत नाही.

तिसऱ्या उदाहरणाची हळहळ मला आजही वाटते. 'द स्पेक्टॅक्युलर स्पायडरमॅन' ही मालिका मार्च २००८ मध्ये किड्स डब्ल्यूबीवर सुरू झाली. पीटर पार्करच्या शालेय जीवनाची इतकी जिव्हाळ्याने आणि इतकी काटेकोर बांधणी केलेली कथा कार्टूनमध्ये क्वचितच झाली असेल. त्याच वर्षीच्या मे महिन्यात किड्स डब्ल्यूबीचा दूरचित्रवाणीवरचा कारभारच संपला. दुसरे पर्व अमेरिकेत २००९ मध्ये डिस्ने एक्सडीवर दाखवले गेले. मालिका सोनीच्या निर्मितीची होती, आणि त्याच सुमारास सोनीने स्पायडरमॅनच्या टीव्ही-कार्टूनचे हक्क मार्वलकडे, म्हणजे स्पायडरमॅनच्या मूळ कॉमिक्स कंपनीकडे, परत दिले, तर खुद्द मार्वल डिस्नेने विकत घेतले. सव्वीस भागांवर कथा थांबली. खलनायक नॉर्मन ऑस्बोर्न निसटून जातो, पीटरची आवडती ग्वेन त्याचा मित्र हॅरीपाशी अडकून राहते, पीटर एकटा पडतो, आणि पुढे काहीच नाही. डिस्ने एक्सडीवर २०१२ मध्ये स्पायडरमॅनची नवी मालिका आली, पण तिने पहिल्यापासून नवी सुरुवात केली.

या मालिकांचा इतिहास त्यांतल्या गाळलेल्या जागांवरून वाचता येतो, असे मला वाटते. आपले अनुभव आणि मतभेद दोन्ही जरूर लिहावेत.


कागदी होडी

लेख फार आवडला आणि 'बॅट-एम्बार्गो'विषयीचे विवेचन पूर्ण पटले. मात्र चढाओढीकडे केवळ नुकसान म्हणून पाहणे मला एकांगी वाटते. ज्या दोन मालिकांमुळे आपण आज हा विषय इतक्या गांभीर्याने बोलत आहोत, म्हणजे १९९२ ची 'बॅटमॅन' आणि १९९२ चीच 'एक्स-मेन', त्या दोन्ही मालिका एका कडव्या भांडणातून उभ्या राहिलेल्या वाहिनीवर जन्मल्या.

त्या भांडणाचे मूळ 'डकटेल्स'मध्ये आहे. दूरदर्शनवर रविवारी हिंदीतून आपण जी पाहायचो, तीच. अमेरिकेत ही मालिका निरनिराळ्या स्थानिक केंद्रांना विकली जात असे आणि फॉक्सच्या केंद्रांवर ती चांगली चालत होती. पुढे डिस्नेने लॉस एंजेलिसमधले केएचजे हे केंद्र विकत घेतले आणि 'डकटेल्स' तिथल्या फॉक्सच्या केंद्राकडून काढून आपल्या केंद्रावर नेली. फॉक्सला हे फार लागले, आणि त्यांनी मुलांसाठी स्वतःचा विभाग उभारला. सप्टेंबर १९९० मध्ये 'डिस्ने आफ्टरनून' हा डिस्नेचा कार्टूनचा विभाग आणि फॉक्सचा मुलांचा विभाग, जो पुढे 'फॉक्स किड्स' म्हणून ओळखला गेला, हे दोन्ही एकाच महिन्यात सुरू झाले. योगायोग म्हणावा असे त्यात काही नव्हते.

आता फॉक्सची अडचण पाहा. एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या तीन जुन्या वाहिन्यांकडे शनिवार सकाळच्या प्रेक्षकांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती. नव्या वाहिनीने त्यांच्यासारखेच गोडगोड प्राणी दाखवले असते तर तिच्याकडे कोणी वळले नसते. तिला धोका पत्करणे भाग होते. फॉक्स किड्सच्या प्रमुख मार्गारेट लॉश या आधी मार्वल प्रॉडक्शन्सच्या प्रमुख होत्या. त्यांच्या काळात १९८९ मध्ये 'एक्स-मेन'चा एक नमुना भाग तयार झाला होता, पण त्यातून मालिका उभी राहिली नाही. फॉक्समध्ये आल्यावर निर्णय त्यांच्या हाती होता, आणि त्यांनी एक्स-मेनना पडद्यावर आणले. समाजाने झिडकारलेल्या माणसांची कथा, भागांमागून भाग चालणारे कथानक आणि फिनिक्सची सलग पाच भागांची गाथा हे सगळे कोणत्याही जुन्या वाहिनीने त्या काळी मुलांसाठी मंजूर केले असते, असे मला वाटत नाही.

'बॅटमॅन'चेही तसेच झाले. ५ सप्टेंबर १९९२ रोजी ती सुरू झाली. काळ्या कागदावर रंगवलेली पार्श्वभूमी, चाळीसच्या दशकातल्या चित्रपटांसारखे वातावरण, आणि खलनायकांच्या दुःखाकडे सहानुभूतीने पाहणारे लेखन. त्या वर्षाच्या अखेरीस तर फॉक्सने ती रविवारी संध्याकाळी मोठ्यांच्या वेळेत लावून पाहिली. तो प्रयोग फार काळ चालला नाही, पण करून पाहण्याचे धाडस होते. विशेष म्हणजे त्याच १९९२ मध्ये एनबीसीने शनिवार सकाळची कार्टून बंद केली.

तेव्हा माझे म्हणणे इतकेच आहे की नवा, भुकेला प्रतिस्पर्धी मैदानात उतरतो तेव्हा चढाओढ कलाकारांच्या बाजूने काम करते.


दूरचे दिवे

मी नव्वदच्या दशकात न्यू जर्सीत वाढलो, त्यामुळे या दोन्ही प्रतिसादांतला बराच इतिहास मी शनिवारी सकाळी रिमोट हातात घेऊन पाहिला आहे. कागदी होडी यांनी १९९२ चे जे चित्र रंगवले आहे ते खरे आहे, पण त्या चित्राचा उत्तरार्धही सांगायला हवा.

वॉर्नरच्या मालिका फॉक्सवर गाजत होत्या, म्हणजे वॉर्नर दुसऱ्याच्या वाहिनीचे भांडार भरत होते. अमेरिकेतल्या १९७० च्या सरकारी नियमांनी मोठ्या वाहिन्यांना बाहेरच्या निर्मात्यांच्या कार्यक्रमांत मालकीहिस्सा घेण्यापासून अडवले होते. ते नियम १९९३ पासून सैल होत गेले आणि १९९५ पर्यंत संपले. त्यानंतर प्रत्येक स्टुडिओला स्वतःची वाहिनी आणि प्रत्येक वाहिनीला स्वतःचा स्टुडिओ हवा झाला. जानेवारी १९९५ मध्ये द डब्ल्यूबी ही वाहिनी सुरू झाली आणि सप्टेंबरमध्ये तिचा मुलांचा विभाग, किड्स डब्ल्यूबी. 'अ‍ॅनिमेनिअ‍ॅक्स' त्याच वर्षी फॉक्सकडून तिकडे गेली, १९९६ मध्ये 'सुपरमॅन' थेट किड्स डब्ल्यूबीवर सुरू झाली, आणि १९९७ मध्ये बॅटमॅननेही घर बदलले.

तो बदल मुलाच्या नजरेला कसा दिसला ते सांगतो. सप्टेंबर १९९७ मध्ये मी नेहमीचा बॅटमॅन पाहायला बसलो, तर समोर वेगळीच माणसे होती. सगळ्यांचे चेहरे 'सुपरमॅन' मालिकेच्या शैलीला जुळतील असे नव्याने काढलेले होते. जोकरचे डोळे काळे ठिपके झाले होते. रॉबिन आता टिम ड्रेक नावाचा लहान मुलगा होता आणि आधीचा रॉबिन, म्हणजे डिक ग्रेसन, नाईटविंग होऊन दुरावला होता. कथा चांगल्या होत्या, काही तर पहिल्या मालिकेपेक्षा धारदार होत्या, पण एखाद्या ओळखीच्या घरात गेल्यावर आतले सगळे सामान बदललेले आढळावे तसे मला वाटले. माझ्या मोठ्या बहिणीने त्या दिवसानंतर ती मालिका पाहिली नाही.

त्यानंतर १९९९ आले आणि लढाईची शस्त्रेच बदलली. फेब्रुवारीत किड्स डब्ल्यूबीने 'पोकेमॉन' आणले आणि ऑगस्टमध्ये फॉक्स किड्सने 'डिजिमॉन'. तयार जपानी मालिका विकत घेऊन इंग्रजीत आणणे हे नवी मालिका घडवण्यापेक्षा स्वस्त पडत असे, आणि मुले तर त्यासाठी वेडी झाली होती. मीही होतो, हे कबूल केले पाहिजे. त्याच शरद ऋतूत फॉक्सने 'स्पायडरमॅन अनलिमिटेड' सुरू केली. पोकेमॉनच्या लाटेपुढे तिचा निभाव लागला नाही. काही भागांनंतरच ती पडद्यावरून काढली गेली, नंतर उरलेले भाग दाखवून झाले, आणि तेरा भागांनंतर ऐन संकटाच्या क्षणी कथा तुटली ती कायमची. त्याआधीच्या 'स्पायडरमॅन' मालिकेचे पासष्ट भाग झाले होते, तरी तीही हरवलेल्या मेरी जेनचा शोध अर्ध्यावर ठेवूनच थांबली होती. स्पायडरमॅनच्या चाहत्यांनी इतके अपुरे शेवट पाहिले आहेत की 'पुढील भागात' या शब्दांवरचा माझा विश्वास त्या वयातच उडाला.

दुसऱ्या बाजूला, 'बॅटमॅन बियाँड' ही त्याच लढाईची देणगी आहे, हेही प्रामाणिकपणे लिहितो. वाहिनीला तरुण, शाळकरी बॅटमॅन हवा होता, कारण तिला कोवळ्या वयाचे प्रेक्षक हवे होते. मागणी निव्वळ व्यापारी होती. कलाकारांनी मात्र तिच्यातून वृद्ध, एकाकी ब्रूस वेन आणि त्याच्या वारशाची अशी गोष्ट काढली की मी ती आजही पाहतो.


पिंपळपान

चर्चा उत्तम चालली आहे. माझी एक वेगळी नोंद. आपण वाहिन्यांविषयी बोलत आहोत, पण वाहिनी स्वतः जाहिरातदाराच्या आणि खेळणी बनवणाऱ्यांच्या हिशेबावर चालते, आणि त्या हिशेबाचा उल्लेख केल्याशिवाय हे निर्णय समजत नाहीत.

'यंग जस्टिस' हे उदाहरण घ्या. २०१० च्या अखेरीस कार्टून नेटवर्कवर सुरू झालेली ही मालिका मोठ्या वयाच्या मुलांना आणि मुलींनाही धरून ठेवत होती. मार्च २०१२ मध्ये तिला 'ग्रीन लँटर्न'सोबत 'डीसी नेशन' या विभागात बसवले गेले. ऑक्टोबर २०१२ मध्ये ती जाहीर झालेल्या वेळापत्रकातून आयत्या वेळी गायब झाली, जानेवारी २०१३ मध्ये परतली आणि मार्चमध्ये दोन्ही मालिका संपवल्या गेल्या. निर्माते ग्रेग वाइसमन यांनी पुढे सांगितले आहे की मॅटेल कंपनीच्या खेळण्यांतून येणारा पैसा थांबल्यामुळे मालिका थांबली. (हेच वाइसमन 'स्पेक्टॅक्युलर स्पायडरमॅन'चेही सूत्रधार होते, आणि एकाच माणसाच्या दोन उत्तम कथा अशा रीतीने तुटाव्यात याचे मला फार वाईट वाटते.)

यातला मुद्दा असा की प्रेक्षक किती आहेत याइतकेच ते कोण आहेत यालाही महत्त्व असते. चौदा वर्षांची मुलगी ती मालिका जीव लावून पाहत असेल, पण बाहुलीएवढी प्लास्टिकची योद्ध्यांची आकृती विकत घेत नसेल, तर हिशेबाच्या वहीत तिची नोंद होत नाही. सात वर्षांचा मुलगा दोन मिनिटे पाहून खेळण्याचा हट्ट धरत असेल, तर तो मोजला जातो. दोन वाहिन्या एकमेकींशी भांडतात असे आपल्याला दिसते, पण त्या दोघी प्रत्यक्षात त्या सात वर्षांच्या मुलासाठी भांडत असतात. इतरांनी काय पाहिले याची पर्वा फार उशिरा, वर्गणीवर चालणाऱ्या सेवा आल्यावर झाली. 'यंग जस्टिस' २०१९ मध्ये परत आली ती अशाच एका सेवेवर, जिथे पाहणाराच पैसे भरत होता.


चित्रचौकट (धागाकर्ता)

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. कागदी होडी यांच्या प्रतिसादानंतर माझे मूळ विधान मला सुधारून मांडावेसे वाटते. मी 'चढाओढ' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरत होतो. प्रेक्षक मिळवण्याची चढाओढ ही एक गोष्ट, आणि पात्रांच्या मालकीवरून होणारी अडवणूक ही दुसरी. पहिलीतून १९९२ घडले, तर दुसरीतून २००४.

याला पुष्टी देणारे एक उदाहरण आहे. नोव्हेंबर २००० मध्ये 'एक्स-मेन : इव्होल्यूशन' ही मालिका सुरू झाली ती किड्स डब्ल्यूबीवर. मार्वलची पात्रे, त्यांचा चित्रपट त्याच उन्हाळ्यात फॉक्सने प्रदर्शित केलेला, आणि मालिका मात्र डीसीच्या मालकाच्या वाहिनीवर! तिचे बावन्न भाग झाले, आणि एक्स-मेनना आपल्या दारात येऊ दिल्यामुळे वॉर्नरचे काही बिघडले नाही. परक्याची मालिका चालेल, परंतु आपल्याच घरातल्या दुसऱ्या विभागाला जोकर वापरू देणार नाही, ही वृत्ती मला आजही समजू शकत नाही. अ‍ॅक्वामॅनचेही तेच झाले. त्याच्यावर प्रत्यक्ष अभिनेत्यांची मालिका काढण्याचे ठरत होते, त्यामुळे 'अनलिमिटेड'च्या पुढच्या भागांतून तो नाहीसा झाला, आणि ती नियोजित मालिका नमुना भागापलीकडे गेलीच नाही.


रिळाचा डबा

गाळलेल्या जागांविषयी लिहिले आहे म्हणून त्या जागांमध्ये काय उगवले तेही सांगतो, कारण मला या विषयातला हा भाग सर्वांत जास्त प्रिय आहे.

१९७८ मध्ये एनबीसीवर 'फँटॅस्टिक फोर'ची मालिका आली, पण तिच्यात चौघांपैकी अंगाला आग लावून उडणारा ह्यूमन टॉर्च नव्हता. त्याच्या जागी हर्बी नावाचा लहानसा यंत्रमानव होता. लहान मुले टॉर्चचे अनुकरण करून स्वतःला पेटवून घेतील या भीतीने त्याला वगळले, अशी दंतकथा वर्षानुवर्षे सांगितली जाते आणि ती चुकीची आहे. त्या वेळी टॉर्चचे हक्क युनिव्हर्सलकडे वेगळ्या प्रकल्पासाठी गेलेले होते, आणि तो प्रकल्प कधी झालाच नाही. हर्बीची पुष्कळ वर्षे टिंगल झाली, पण तो मार्वलच्या कॉमिक्समध्ये गेला आणि तिथे टिकला.

त्याहून सुंदर गोष्ट फायरस्टारची आहे. १९८१ मध्ये एनबीसीनेच 'स्पायडरमॅन अँड हिज अमेझिंग फ्रेंड्स' सुरू केली. कल्पना अशी होती की स्पायडरमॅनसोबत एक बर्फाचा आणि एक आगीचा मित्र असावा. बर्फासाठी आइसमॅन मिळाला, आगीसाठी ह्यूमन टॉर्च मिळेना. मग अँजेलिका जोन्स, म्हणजे फायरस्टार, ही संपूर्ण नवी नायिका निर्माण करण्यात आली. चार वर्षांनी ती कॉमिक्समध्ये दाखल झाली. टॉर्च मिळाला असता तर तीन मुलगे एका खोलीत राहिले असते आणि एका पिढीच्या मुलींना त्या मालिकेत स्वतःसारखे कोणी दिसले नसते. करारातल्या अडचणीमुळे झालेले हे भले आहे, पण ते भले करारामुळे झाले नाही. एका लेखनचमूने रिकाम्या जागेत जीव ओतला म्हणून झाले.


दूरचे दिवे

रिळाचा डबा यांच्या प्रतिसादाने फार आनंद दिला. मालकीच्या फेऱ्यांविषयी एक छोटी भर घालतो. फॉक्स किड्सचा संसार मोडला तेव्हा, २००१ मध्ये, डिस्नेने फॉक्स फॅमिली वर्ल्डवाइड ही कंपनी पाच अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकत घेतली. त्या व्यवहारात नव्वदच्या दशकातल्या 'एक्स-मेन' आणि 'स्पायडरमॅन' या कार्टून मालिकाही डिस्नेकडे गेल्या. खुद्द मार्वल कंपनी विकत घेण्याची घोषणा डिस्नेने केली ती ऑगस्ट २००९ मध्ये. म्हणजे मधली सात-आठ वर्षे मार्वलच्या गाजलेल्या मालिका एका घरी आणि मार्वल दुसऱ्या घरी, अशी स्थिती होती. 'डकटेल्स'वरून डिस्नेशी भांडून फॉक्सने जे उभारले, ते शेवटी डिस्नेच्याच कपाटात जाऊन पडले. मार्च २०२४ मध्ये 'एक्स-मेन ९७' या नावाने ती जुनी कथा पुढे सुरू झाली, तेव्हा मी तिचा पहिला भाग माझ्या मुलीसोबत पाहिला. जुने सूर वाजले आणि मला बोलता आले नाही.


पिंपळपान

पण ज्या अर्थी सगळे एका छताखाली आल्यावर 'एक्स-मेन' परत आली, त्या अर्थी एकाधिकार चांगला, असा निष्कर्ष कोणी काढू नये अशी विनंती. 'स्पेक्टॅक्युलर स्पायडरमॅन' परत आलेली नाही. 'अ‍ॅव्हेंजर्स : अर्थ्स मायटिएस्ट हीरोज' ही सुरेख मालिका डिस्नेच्या स्वतःच्याच वाहिनीवर होती, ती बावन्न भागांनंतर थांबवली गेली आणि २०१३ मध्ये तिच्या जागी वेगळी मालिका आणली गेली. तिथे कोणताही परका प्रतिस्पर्धी आडवा आलेला नव्हता.


चित्रचौकट (धागाकर्ता)

पिंपळपान, पूर्ण सहमत. आणि आता ज्या जोकरपासून सुरुवात केली त्याच्याकडे परत येतो, कारण कालच मी 'सुपर फ्रेंड्स'चे शेवटचे पर्व पाहून संपवले.

ते १९८५ चे पर्व आहे. तोपर्यंत फिल्मेशनची मालिका मागे पडली होती. ओलन सोल यांच्या जागी आता अ‍ॅडम वेस्ट हेच 'सुपर फ्रेंड्स'मध्ये बॅटमॅनला आवाज देत होते, म्हणजे एकेकाळी सीबीएसवर असलेला आवाज एबीसीवर आला होता. त्या पर्वातल्या एका भागात बॅटमॅनच्या आईवडिलांच्या हत्येची कथा पडद्यावर सांगितली गेली. इतकी वर्षे चाललेल्या या मालिकेला ते दुःख प्रथमच उच्चारता आले. आणि 'द वाइल्ड कार्ड्स' नावाच्या भागात रॉयल फ्लश टोळीचा म्होरक्या आपला मुखवटा काढतो, तेव्हा आतून जोकर निघतो. सात वर्षे उशिरा तो अखेर त्या मालिकेत आला होता.

डिसेंबर २००३ मध्ये 'जस्टिस लीग'मध्ये एक दोन भागांची कथा दाखवली गेली. तिच्यातही जोकर आहे, तिच्यातही रॉयल फ्लश टोळी आहे, आणि तिचे नावही 'वाइल्ड कार्ड्स' हेच आहे. शाळेत असताना मी ती पाहिली, दुसऱ्या दिवशी मित्रांना सांगितली, आणि जोकर पुन्हा कधी येईल याची वाट पाहू लागलो. 'अनलिमिटेड' २००६ च्या मे महिन्यात संपली. तोपर्यंत तो तिच्यात पुन्हा आला नाही.